आभाळाला ठिगळ लावणारे सर

सरांना पाइपमधून सुटणाऱ्या गॅसचा आवाज ऐकू यायचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय, तो कोणालाही ऐकू येतो. पण भर दुपारी नाशकातल्या शालिमारच्या चौकात, रिक्षांच्या भोंग्यांत, चालत्या स्कूटरवरून? सर करकचून ब्रेक दाबायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "सुटतोय रे कुठेतरी." मग स्कूटर रस्त्याच्या मधोमध, मागे बसलेला मी तिला टेकू देऊन उभा, आणि सर गल्लीत पळत सुटलेले. मागून येणारे लोक शिव्या मला घालायचे.

एकदा मी स्कूटर कशीबशी कडेला लावून त्यांच्या मागे गेलो. आत फ्रिज दुरुस्तीचं एक बोळकांडीएवढं दुकान होतं. मेकॅनिकने जुन्या फ्रिजचा पाइप कापला होता आणि गॅस फुसफुसत बाहेर येत होता. त्या काळी सगळेच असं करायचे. दुरुस्तीआधी फ्रिज रिकामा करायचा म्हणजे गॅस हवेत सोडून द्यायचा, आणि उन्हाळा असेल तर त्यावर हात गार करून घ्यायचे. सरांनी एक शब्द न बोलता पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. मेकॅनिक बघतच राहिला. मग त्याने आईबहिणीवरून सुरुवात केली. सर म्हणाले, "आधी व्हॉल्व्ह आण, मग सावकाश शिव्या दे. मी कुठे जात नाही." गॅसच्या गारव्याने अंगठा पांढराफटक पडत चालला होता, तरी हा माणूस हलेना. शेवटी तो मेकॅनिकच घाबरला आणि शेजारच्या दुकानातून व्हॉल्व्ह घेऊन आला. अंगठ्याची कातडी पुढे बरेच दिवस सोलवटत होती आणि सर ती भेटेल त्याला दाखवत होते. तो मेकॅनिक मात्र पुढच्या महिन्यापासून आमच्या संध्याकाळच्या वर्गाला पहिल्या बाकावर येऊन बसायला लागला.

आमचा वर्ग म्हणजे सातपूरच्या कारखान्यांमध्ये अंग चोरून उभ्या असलेल्या एका तंत्रशाळेतला फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा वर्ग. सर त्याचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा शिक्षक. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि फ्रिजमधला सीएफसी नावाचा गॅस वर जाऊन ओझोनचा थर विरवतो, त्याला भोक पाडतो, त्यातून सूर्याचे वाईट किरण खाली येतात, हे पेपरात छापून यायला लागलं होतं. लोक ते वाचून पान उलटत. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असं आपल्याकडे माणसं हात टेकताना म्हणतात. सरांना मात्र हा खराखुरा प्रश्न वाटायचा आणि त्यांच्याकडे त्याचं उत्तर तयार असायचं. ठिगळ नाशकात लावायचं. सातपूरपासून सुरुवात करायची, मग अंबड, मग पंचवटी. पोरांनी त्यांचं नाव 'भोकवाले सर' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. कोणी नवीन माणूस पत्ता विचारत आला की तेच सांगायचे, "भोकवाले सर म्हणून विचारा, शेंबडं पोरही दाखवेल."

त्यांची दुसरी खोड म्हणजे 'आपण'. सर स्वतःला 'मी'च म्हणायचे, पण देशाला 'आपण' म्हणायचे, आणि बोलता बोलता कधी स्वतःवरून देशावर उडी मारतील याचा नेम नसायचा. "आपण लंडनला स्पष्ट सांगितलं," असं त्यांनी चहाच्या टपरीवर सुरू केलं की नवखा माणूस त्यांच्या मळक्या एप्रनकडे बघत राहायचा. सरांचा पासपोर्टसुद्धा नव्हता. पण हा गॅस जगातून हद्दपार करायच्या माँट्रियलच्या कराराच्या लंडनमधल्या बैठकीला आपले कोण गेले, काय बोलले, हे त्यांना घरातल्या लग्नासारखं पाठ होतं. आणि ते सांगायचेही तसंच. म्हणायचे, "भोक पाडलं कोणी? ज्यांची घरं गार आणि गाड्याही गार, त्यांनी. आपल्याकडे फ्रिज गल्लीत एखादा. मग आपण म्हटलं, हा गॅस आम्ही सोडतो, पण आमचे कारखाने बदलायचा खर्च आणि नवीन तंत्र कोण देणार ते आधी ठरू द्या. आधी याद्या, मग सुपारी." आणि खरोखरच तसा निधी उभा राहिला आणि मग आपण सही केली. हे सांगताना सर टपरीच्या फळीवर अशी थाप मारायचे की ग्लास उडायचे. करारात आपल्यासारख्या देशांना काही वर्षांची सवलत मिळाली होती. कोणी पोराने विचारलंच, की सर, आपल्याला तर अजून वेळ आहे, तर सर त्याला बाकावर उभं करून म्हणायचे, "मुदत मिळालीय, सुट्टी नाही."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं मला वाटायचं, 'आपण' म्हणजे हे आणि मी. मग कळलं, मी त्यात फक्त नव्वद कोटींतली एक."

त्या काकूंचं दुःख वेगळंच होतं. फ्रिज शिकवणाऱ्या माणसाच्या घरात फ्रिज नव्हता. सीएफसीचा फ्रिज घरात आणायचा नाही ही सरांची प्रतिज्ञा. उन्हाळ्यात काकू दिवसातून तीनदा दूध तापवायच्या, आणि शेजारणीने "आमच्याकडे ठेवा की" म्हटलं तर सर तेही ठेवू द्यायचे नाहीत. मग एके वर्षी निरुपद्रवी गॅसवर चालणारा फ्रिज बाजारात आला. सरांनी तो मुंबईहून मागवला. टेम्पोतून उतरवताना आमच्या सबंध वर्गाला हजर राहायला लावलं. फ्रिज स्वयंपाकघरात उभा राहिला, काकूंनी हळदकुंकू वाहिलं, सरांनी दार उघडलं आणि आम्ही एकेकाने पुढे होऊन आत डोकावून पाहिलं. आत दिवा लागत होता आणि एक रिकामा ट्रे होता. सर म्हणाले, "बघा, असा असतो तो." कॉलनीतल्या बायका दोन दिवस येऊन त्याच्या पाठीमागची जाळी पाहून जात होत्या, कारण सर त्यांना समोरून बघूच देत नव्हते. काकूंनी त्या संध्याकाळी दूध आत ठेवलं आणि सकाळी उठून आधी ते नासलं नाही ना हे पाहिलं. ते नासलं नव्हतं आणि त्या खूश होत्या, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

दुरुस्तीच्या वेळी गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरून घेणारं मशीन परदेशी मदतीतून आमच्या तंत्रशाळेला मिळालं, तेव्हा मोठाच तमाशा झाला. मशीन आलं, त्याला हार घातला, नारळ फोडला आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवून ते ऑफिसात ठेवून दिलं. पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं आणि पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. शिवाय वापरलं आणि बिघडलं तर जबाबदारी कोणाची? असलं मशीन आपल्याकडे देवासारखं असतं, त्याला हात लावायचा तो फक्त नमस्कारापुरता. सरांनी आठवडाभर कळ काढली. मग एका सकाळी त्यांनी ते हातगाडीवर घातलं, वर्गात आणलं आणि एका भंगार फ्रिजला लावून चालू केलं. मुख्याध्यापक धावत आले. सर म्हणाले, "उद्घाटन झालं. पाहुणे म्हणून तुम्ही आलातच." मुख्याध्यापकांना काय बोलावं सुचेना, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आम्हीही वाजवल्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरांच्या मनात नवीनच खूळ शिरलं. आपण घेतलं, आता आपण द्यायचं. आफ्रिकेतले, आशियातले कितीतरी देश याच करारात होते. त्यांचेही मेकॅनिक पाइप कापून हात गार करत होते. त्यांना युरोपातल्या चकाचक प्रयोगशाळेत नेऊन काय उपयोग? तिथे वीज जात नाही, धूळ नसते, जुनं मशीन कोणी दुरुस्तच करत नाही. त्यांनी नाशकात यावं, आपल्या धुळीत शिकावं. सरांनी दिल्लीला इतकी पत्रं लिहिली की पोस्टमन त्यांना "काय म्हणते दिल्ली" म्हणून विचारायला लागला. आणि एक दिवस दिल्ली हो म्हणाली. आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून सातआठ तंत्रज्ञ आमच्याकडे शिकायला येणार होते. ते पत्र सरांनी प्रत्येक बाकापाशी जाऊन वाचून दाखवलं, आणि शेवटी शिपाई राहिला म्हणून त्याच्यासाठी पुन्हा वाचलं.

ते आले फेब्रुवारीत. नाशकात तेव्हा हवा अशी असते की इथे कोणालाही राहावंसं वाटेल. सरांना कोणाचंही नाव लक्षात राहायचं नाही, म्हणून ते सरळ देशाच्या नावाने हाक मारायचे. "घाना, सिलिंडर धर. व्हिएतनाम, पाना इकडे दे. श्रीलंका, टांझानिया कुठे गेले?" मला आधी संकोच वाटला, पण त्या मंडळींना त्याची फार मजा वाटली. तेही एकमेकांना तशीच हाक मारायला लागले. घाना हा पन्नाशीचा, धिप्पाड, बोटींवरच्या शीतगृहांत उभी हयात घालवलेला माणूस होता. तो कमी बोलायचा. व्हिएतनाम चणीने लहान, पण हाताचा असा चपळ की सर त्याच्याकडे बघत उभे राहायचे. सगळ्यांनी पहिल्या दिवशी मिसळ खाल्ली. घानाने दुसरी प्लेट मागवली तेव्हा सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपण आणखी एक करार जिंकला. रोज सकाळी वर्गात सर त्यांना ठणकावून एकच गोष्ट सांगायचे. काही झालं तरी गॅस हवेत सोडायचा नाही. आपण जगाला शब्द दिलाय.

आणि या शब्दाची परीक्षा झाली ती निफाडला.

निफाड म्हणजे द्राक्षं. परदेशी जाणारी द्राक्षं तोडली की पेट्यांत भरून लगेच गार खोलीत घालावी लागतात, नाहीतर देठ सुकतो, मणी मऊ पडतो आणि तिकडचा व्यापारी माल परत करतो. असा एक चालू प्लांट पाहुण्यांना दाखवायला सर आम्हाला जीपमधून घेऊन गेले. प्लांट अण्णांचा होता. अण्णा म्हणजे तिथले मोठे बागाईतदार, सरांच्या ओळखीचे. त्यांचे धाकटे भाऊ बापू. पूर्वी दोघे मिळून एकच गार खोली बांधणार होते, पण तिचं दार कोणाच्या शेताकडे असावं यावरून भांडण झालं आणि बोलणं तुटलं. मग बांधाच्या अलीकडे अण्णांनी एक बांधली आणि पलीकडे बापूंनी दुसरी. गंमत अशी की दोघांनीही दारं समोरासमोर ठेवली, कारण दुसऱ्याच्या दारात काय चाललंय हे दोघांनाही दिसायला हवं होतं.

आम्ही पोचलो तर अण्णा डोक्याला हात लावून ओट्यावर बसलेले. जीप पाहून ते धावतच आले. प्लांट बंद पडला होता. एका पाइपचा जोड उसवला होता आणि थोडा थोडा गॅस बाहेर येत होता. त्यांचा नेहमीचा मेकॅनिक लग्नाला देवळ्याला गेलेला. आत त्या मोसमातला सगळ्यात उत्तम माल, सकाळीच तोडलेला, अजून निम्मासुद्धा गार न झालेला. दुसऱ्या दिवशी पहाटे कंटेनर येणार होता.

सर एप्रन चढवून थेट मशीनघरात शिरले. आम्ही सगळे मागे. सरांनी गळती लगेच शोधली. काम अवघड नव्हतं, जोड झाळायचा, म्हणजे धातू वितळवून सांधायचा, आणि पुन्हा गॅस भरायचा. पण झाळायचं तर आधी सगळा गॅस काढायला हवा, आणि गळती अशा जागी होती की तो प्लांटच्याच टाकीत कोंडून ठेवता येत नव्हता. आमचं मशीन जीपमध्ये होतं, पण ते फ्रिजसाठी बनलेलं. या एवढ्या प्लांटचा गॅस ओढायला त्याला संध्याकाळ झाली असती. तोवर आतला माल तापला असता. उलट व्हॉल्व्हचा नट सैल करून गॅस सोडून दिला असता तर जेवणाच्या आत प्लांट चालू झाला असता.

हे अण्णांनाही कळत होतं. ते म्हणाले, "सर, सोडून द्या ना. माझा माल मरंल. वर्षाची मेहनत हाय ती."

सर म्हणाले, "अण्णा, नाही सोडता येणार."

"कोण बघतंय इथं?"

सरांनी जीपमधून मशीन उतरवायला सांगितलं. बघणारे सातआठ देश तिथेच उभे होते.

मशीन लावलं गेलं आणि ते घुरघुरायला लागलं. बाहेर बांधापलीकडे बापू आपल्या दारात हाताची घडी घालून उभे होते. त्यांची खोली सकाळीच रिकामी झाली होती, मशीन चालू होतं, आत गारठा तयार होता. त्यांचा पुढचा माल दुपारनंतर यायचा होता. मी अण्णांना म्हटलं, समोर खोली मोकळी आहे, पेट्या तिकडे हलवू. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. ते म्हणाले, "मेलो तरी त्याच्या दारात मागायला जायचो नाय."

मग सर स्वतः बांध ओलांडून गेले. बापूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. आणि म्हणाले, "सर, तुमच्यासाठी जीव मागा. पण माल त्याचा हाय. त्यानं मागावं. मी नाय म्हणणार नाय." बोलणं एवढ्यावर येऊन थांबलं. सर परत आले ते मान खाली घालून. मशीनघरात जाऊन ते कॉम्प्रेसरच्या मागच्या बाजूला उभे राहिले. पाहुणे तिथेच आत होते. मी बाहेर ओट्यावर अण्णांपाशी बसलो.  त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते खोलीच्या बंद दाराकडे बघत होते.  एका बाजूला आभाळ आणि एका बाजूला अण्णांची द्राक्षं, आणि मधे दोन भाऊ बांधाच्या दोन्हीकडे खांबासारखे अडलेले. मला त्या क्षणी बापूंचा, अण्णांचा आणि खरं सांगायचं तर सरांचाही भयंकर राग आला होता.

सकाळीच जीपमध्ये या दोन दारांची गोष्ट निघाली होती आणि मी घानाला भाऊबंदकी समजावून सांगितली होती. तो म्हणाला होता, आमच्याकडेही आहे, फक्त द्राक्षांऐवजी कोकोवरून.

तर तो घाना मशीनघरातून बाहेर आला. कोणाला काही न विचारता त्याने खोलीचं दार उघडलं, आतून तीन पेट्या उचलल्या आणि डोक्यावर घेतल्या. त्याच्या मागे व्हिएतनाम, दोन पेट्या घेऊन. त्याच्या मागे श्रीलंका. अण्णा उठून उभे राहिले. मला वाटलं आता अडवतील. पण ते फक्त तोंड दुसरीकडे फिरवून मोठ्याने म्हणाले, "पाव्हण्यांना मी कसा अडवू?"

घाना बांध चढला, उतरला आणि बापूंच्या दारात जाऊन उभा राहिला. काही बोलला नाही. बोलून उपयोगही नव्हता, त्याला मराठी येत नव्हतं आणि बापूंना इंग्रजी. पण आपल्याकडे डोक्यावर ओझं घेतलेला माणूस दारात आला की आधी हात पुढे करून ओझं उतरवतात, कोण, कुठला, हे नंतर विचारतात. बापूंचे हात आपोआप पुढे झाले. "उतरवा, उतरवा पाव्हणे," असं म्हणत त्यांनी पेट्या घेतल्या आणि आत नेऊन ठेवल्यासुद्धा. मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. ते बांधाकडे पाहायला लागले. पण मागे व्हिएतनाम उभा होता, त्याच्या मागे श्रीलंका, आणि एकदा उतरवलेलं ओझं पाहुण्याच्या डोक्यावर परत कसं ठेवणार?

त्यानंतर जे झालं त्याने माझ्या अंगावर आजही काटा येतो. पेट्या भरणाऱ्या बायका उठल्या, त्यांनी चादरी आणल्या आणि पेट्यांना ऊन लागू नये म्हणून चौघी चौघींनी त्या बांधावर धरल्या. त्या सावलीखालून सगळी माणसं ये-जा करायला लागली. बापूंचे गडी आले. जीपचा ड्रायव्हर, जो स्वतःची टोपीसुद्धा उचलत नाही, तो दोन दोन पेट्या घेऊन पळत होता. एक बाई टांझानियाला ओरडत होती, "अहो दादा, आडवी नका धरू, घड तुटतील." टांझानियाने पेटी सरळ धरली. मी हसत होतो, धापा टाकत होतो, आणि माझ्या शेजारून अण्णा स्वतःच्या पेट्या घेऊन निघाले होते. त्यांनी बांधापर्यंत त्या नेल्या आणि तिथे पुढच्या माणसाच्या हातात दिल्या. बांधापलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नाही.

बापूंची खोली भरली. त्यांचा स्वतःचा माल ठेवायला जागा उरली नाही. बापूंनी आपल्या बागेत निरोप पाठवला, तोड थांबवा. अण्णांनी ते ऐकलं. 

संध्याकाळी सगळा गॅस सिलिंडरमध्ये आला. सरांनी जोड झाळला, गॅस परत भरला आणि प्लांट चालू केला. दिवस मावळायच्या आत अण्णांची खोली गार व्हायला लागली. तेव्हा अण्णा बांधाजवळ गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "बापू, तुझी तोड सकाळी माझ्याकडं टाक."

बापू पलीकडून म्हणाले, "गार झाली का तुझी?"

"व्हतीय."

एवढंच. पण ते ऐकून पेट्या भरणारी एक म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली, त्यावरून मला कळलं की हे किती वर्षांनी झालं असावं.

परतताना जीपमध्ये पुढे ड्रायव्हर, सर आणि मी, मागे समोरासमोरच्या बाकड्यांवर सगळी पाहुणे मंडळी. मी आनंदाने नुसता उतू जात होतो. सर तर बोलायला लागले की नाशिक येईपर्यंत थांबणार नाहीत अशी माझी खात्री होती.  पण वाटेतलं चांदोरी गाव मागे पडलं तरी ते गप्प. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "मी सोडणार होतो."

मी म्हटलं, काय?

"गॅस. नटाला पाना लावला होता मी. अण्णांचे डोळे मला बघवेनात. इतकी वर्षं पोरांना बाकावर उभं केलं, आणि मीच सोडणार होतो. तेवढ्यात हे लोक पेट्या घेऊन निघाले. नशीब माझं."

 मागून घानाने पुढे वाकून मला विचारलं, सरांना काय झालं? मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "सांग त्याला. माझ्याकडून शिकायला आलाय, त्याला कळलं पाहिजे." मी सांगितलं. इंग्रजीत, जमेल तसं, काही न लपवता.

घानाने व्हिएतनामकडे पाहिलं. व्हिएतनाम खाली बघत हसला. मग घाना म्हणाला, "आम्हाला पाना दिसला होता. म्हणून तर पेट्या उचलल्या."

मी ते मराठीत सांगायची गरज नव्हती. सरांनी ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली. ते उतरले, मागच्या बाजूला गेले, फळी उघडली आणि त्या गर्दीत, जिथे मुंगीला जागा नव्हती, तिथे घाना आणि व्हिएतनामच्या मधे स्वतःला कोंबून बसले. कोणाचा गुडघा कोणाच्या पोटात गेला, कोणी ओरडलं, आणि मग सगळे इतके हसायला लागले की जीप हलायला लागली. सरांनी एक हात घानाच्या खांद्यावर टाकला होता आणि दुसऱ्याने ते चष्मा काढून डोळे पुसत होते. मला पुढे एकट्याला करमेना. मीही उतरलो आणि मागे गेलो. ड्रायव्हर म्हणाला, पुढची अख्खी सीट रिकामी आहे, तुम्ही काय येडे झाले का सगळे? नाशिक येईपर्यंत तो हेच म्हणत होता आणि आमच्यातलं कोणीही पुढे गेलं नाही.